पुस्तक छापण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज मंडळाच्या वर्धापनदिनी मला बोलायला उभे केले आहे. मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. सातवीची परीक्षा दिली त्याच उन्हाळ्यात आई आजारी पडली, आणि वही ठेवून मी पोळपाट हाती घेतला. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर आपली मुलगी, आपली सून समजून पदरात घ्यावे, ही विनंती.

चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : "ज्यांना आपले पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापायचे आहे, त्यांनी ते जाणत्या संपादकाकडून पैसे देऊन तपासून घ्यावे की नाही?" विषय ऐकून घरात सगळे हसले. लोणच्या-पापडांचे पुस्तक लिहिणारी बाई संपादनावर काय बोलणार! पण चिटणीसबाईंनी हा विषय मला का दिला, ते मला ठाऊक आहे. आपल्या मंडळातल्या तिघीजणी सध्या पुस्तके लिहीत आहेत. एकीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, एकीची नर्मदा परिक्रमा आहे आणि एकीने आपल्या वडिलांचे चरित्र लिहिले आहे. तिघींचाही प्रश्न एकच आहे : छपाईलाच एवढा पैसा लागतो, त्यावर आणखी हा खर्च कशाला? माझी यात चांगली ठेच लागलेली आहे. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. म्हणून माझी ठेच तुमच्यापुढे मांडते.

माझ्या सासूबाई वारल्या त्या वर्षी मी त्यांच्या हातचे सगळे प्रकार लिहून काढायला बसले. सांडगे, कुरडया, पापड, लोणची, मेतकूट, बाळंतिणीचे लाडू, आणि थोडी घरगुती औषधे. दुपारी भांडी घासून झाली की वही घ्यायची. दोनशे पानी तीन वह्या भरल्या. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, याचे पुस्तक करा." ती गोष्ट मनाने घेतली. भिशीचे पैसे होते, काही ह्यांनी घातले, आणि २०१७ च्या दिवाळीत तालुक्याच्या गावी पुस्तक छापून झाले. एकशे चाळीस पाने, पाचशे प्रती, खर्च एकेचाळीस हजार. मुखपृष्ठावर सासूबाईंच्या पितळी डब्याचा फोटो. पहिली प्रत देवापुढे ठेवली तेव्हा डोळ्यांत पाणी आले.

छापण्याआधी ते कोणी तपासले? पुतण्याने. तो तेव्हा बारावीला होता. त्याने दोन संध्याकाळी बसून प्रुफे वाचली. शिवाय मंडळातल्या चारपाच जणींनी वह्या वाचल्या होत्या, आणि सगळ्यांनी "फारच छान" म्हटले होते. आपली माणसे चूक दाखवत नाहीत, बायांनो. त्यांना आपले मन मोडवत नाही.

पुस्तक हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिली चूक दिसली. भरल्या मिरचीच्या कृतीत "मिरच्या चिरून घ्याव्यात" असे हवे, तिथे छापले होते "मिरच्या चोरून घ्याव्यात". आम्ही पोट धरधरून हसलो. ह्यांनी तर महिनाभर भाजी आणताना "चोरून आणू का?" म्हणून विचारले. अशा आणखी सतरा-अठरा चुका सापडल्या. कुठे वेलांटी उडालेली, कुठे रफार पुढच्या अक्षरावर बसलेला. छापखान्यातल्या मुलाने सांगितले की, जुन्या टंकात जुळवलेला मजकूर नव्या युनिकोड टंकात नेला की अशी अक्षरे हलतात, म्हणून तसा बदल केल्यावर पुन्हा एकदा सगळे वाचावे लागते. ते आम्हांला आधी कोणी सांगितले नव्हते. तरी वाटले, चालायचेच. लोणच्याच्या पुस्तकाला व्याकरण कोण विचारतो?

पुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती.

२०१८ च्या आषाढात एक बाई माझ्या दारात आली. ओळखीची नव्हती. बचतगटांच्या प्रदर्शनातून तिने माझे पुस्तक विकत घेतले होते. लोणची करून विकावी, चार पैसे मिळवावे, म्हणून तिने दहा किलो कैऱ्यांचे लोणचे घातले होते. पिशवीतून तिने एक बरणी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. वरपासून खालपर्यंत पांढरी बुरशी. ती भांडली नाही, एक शब्द वावगा बोलली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, तुमच्या पुस्तकात लिहिले तसेच केले. माझे काय चुकले तेवढे सांगा."

मी पुस्तक आणले. कृती वाचली. "कैरीच्या एक किलो फोडींना एक वाटी मीठ." माझ्या मते बरोबर होते. मी विचारले, "बाई, वाटी कोणती घेतली?" ती म्हणाली, "वाटी म्हणजे आमटीची वाटी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या घरात मिठाच्या डब्यात सासूबाईंची जुनी पितळी वाटी असते. तिच्यात दोनशे ग्रॅम मीठ मावते. आमच्याकडे "वाटी" म्हटले की तीच. आमटीच्या स्टीलच्या छोट्या वाटीत जेमतेम शंभर ग्रॅम मावते. म्हणजे तिने निम्मेच मीठ घातले होते. लोणचे टिकते ते मिठावर आणि वरच्या तेलावर. किलोला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ पाहिजे तिथे शंभर पडले, वर पावसाळी हवा, मग दुसरे काय होणार?

कैऱ्या, तेल, मसाला, बरण्या मिळून तिचे तीन हजारांच्या वर गेले होते. ते पैसे तिने उसने आणलेले होते. मी माझ्या घरचे लोणचे तिला दिले, पुस्तकाचे पैसे परत केले, जमेल तशी तिची भरपाईही केली. परंतु ज्या गिऱ्हाइकांनी तिला पहिली मागणी दिली होती ती गेली ती गेलीच. त्या रात्री मला झोप लागली नाही. पाचशे प्रतींतल्या चारशे विकल्या गेल्या होत्या. किती घरांत माझी वाटी चुकली असेल, ते मला कळायला मार्ग नव्हता.

आता इथे एक गोष्ट नीट पाहा. "वाटी" हा शब्द अगदी शुद्ध छापला होता. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, वाक्य बरोबर. पुतण्याऐवजी एखाद्या मास्तरांनी प्रुफे वाचली असती तरी त्यांनी तिथे खूण केली नसती. वाटीने मोजणे हीही चूक नाही. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगल्यांच्या "रुचिरा"त वाटी-चमच्याचीच मापे आहेत, आणि त्या पुस्तकावर किती मुली स्वयंपाक शिकल्या ते तुम्ही जाणताच. चूक ही की मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून लिहिले, आणि वाचणारी दुसऱ्याच स्वयंपाकघरात उभी होती. "बाई, वाटी म्हणजे केवढी?" हे मला छापण्याआधी विचारणारे कोणी नव्हते.

हे विचारणारे माणूस म्हणजे संपादक, हे मला पुढे कळले.

दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा मी हट्ट धरला की, आधी पुस्तक जाणत्या माणसाला दाखवायचे. अनेकांना विचारून एका संपादिकाबाईंचा पत्ता लागला. त्यांनी पानाला नव्वद रुपये सांगितले. एकशे चाळीस पानांचे बारा हजार सहाशे. तेव्हा माझा भिशीचा नंबर नुकताच लागला होता आणि त्या पैशांतून शिलाईयंत्राला मोटर व नवा पंखा घ्यायचा बेत होता. हे म्हणाले, "पहिल्या पुस्तकाचे पैसे अजून पुरते सुटले नाहीत, आणि तू चुका शोधायला बारा हजार देणार?" त्यांचेही चुकले नव्हते. आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना ती बुरशीची बरणी आठवण करून दिली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बँकेतून पैसे काढून आणले.

त्या बाईंनी काम कसे केले ते सांगते, कारण पैसे कशाचे द्यायचे हे पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. त्यांनी मला समजावले की, हे काम तीन पायऱ्यांचे असते. पहिली पायरी, सगळे पुस्तक एकदा वाचून त्याची मांडणी पाहणे : काय आधी यावे, काय नंतर, काय फालतू आहे, काय राहून गेले आहे. दुसरी पायरी भाषेची : वाक्य सरळ आहे का, एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हेने सांगितली आहे का, मापे जुळतात का. तिसरी पायरी मुद्रितशोधनाची, म्हणजे छापायच्या पानांवरून अक्षरांच्या चुका काढण्याची. आपण बहुतेकजणी फक्त तिसऱ्या पायरीला "तपासणे" म्हणतो. तीही गरजेची आहेच. शुद्धलेखनाचे नियम आपल्या मनाचे नसतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चारांची भर पडली, असे ते अठरा नियम आहेत. आपल्या शाळेत ते शिकवले, पण आपण विसरलो. ते ज्याच्या बोटांवर आहेत अशा माणसाने पाने वाचली पाहिजेत. पण माझे पुस्तक बुडाले होते ते दुसऱ्या पायरीवर.

त्यांनी माझ्या पुस्तकावर एकशे बारा प्रश्न काढून पाठवले. वहीत ओळीने लिहून. "मंद आच म्हणजे किती वेळ?" "उन्हात वाळवावे, किती दिवस? ऊन नसेल तर?" "मूठभर म्हणजे कोणाची मूठ?" "पान २२ वर पापडखार चमचाभर आणि पान ६१ वर त्याच पिठाला दोन चमचे, खरे कोणते?" पहिले वीस प्रश्न वाचून मला राग आला. मला वाटले, या बाईंनी कधी चुलीपुढे बसून पाहिले आहे की नाही! पुढच्या वीस प्रश्नांना लाज वाटली. त्यापुढे मी तराजू आणि वाट्या घेऊनच बसले. प्रत्येक माप वजन करून लिहिले. एकशे बारा प्रश्नांना उत्तरे द्यायला मला पावणेदोन महिने लागले.

त्यांतला एक प्रश्न मी कधी विसरणार नाही. घरगुती औषधांच्या प्रकरणात मी लिहिले होते की, तान्ह्या बाळाला मधाचे बोट चाटवावे. आमच्याकडे सगळ्या मुलांना चाटवले आहे. बाईंनी समासात लिहिले होते, "हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय छापू नये." मी तालुक्याच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. मधात कधीकधी एका रोगजंतूची बीजे असतात. मोठ्या माणसाच्या पोटात ती काही करत नाहीत, परंतु तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात, आणि त्याने बाळ लुळे पडते, श्वासही अडतो. ऐकून माझे हातपाय गार पडले. लोणचे बिघडले तर पैशाचे नुकसान. हे वाक्य चारशे घरांत गेले होते, आणि त्यांत बाळंतिणी असतील.

मी घरी आले ती प्रथम शिल्लक प्रती घेऊन बसले. नव्वद उरल्या होत्या. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आणल्या आणि प्रत्येक प्रतीत पहिल्याच पानावर चिकटवल्या. मोबाइलवर ज्या ज्या गटांत मी आहे, तिथे निरोप पाठवले. हळदीकुंकवाला, भजनाला, जिथे जाईन तिथे सांगत सुटले. तरी सगळ्यांपर्यंत ते पोहोचले असे मी म्हणणार नाही. छापलेला शब्द परत घेता येत नाही. म्हणून तो छापण्याआधी कोणी अडवला तर त्याचे उपकार मानावे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई संपादकांचे फारच गुणगान करते आहे. तसे नाही. आमचे भांडणही झाले. पहिल्या आवृत्तीत मी सुरुवातीला नऊ पाने आभार मानले होते. माहेरचे, सासरचे, गल्लीतले, कोणी राहू नये म्हणून. बाईंनी त्यांचे अर्धे पान केले. त्या रात्री मी रडले. पण मनात म्हटले, पुस्तक विकत घेणारीला माझ्या मावससासऱ्यांशी काय करायचे? ते मी मान्य केले.

दुसरे मात्र मान्य केले नाही. आमच्या भागात भाकरीबरोबर खायच्या पातळ कालवणाला "कोरड्यास" म्हणतात. बाईंनी तो शब्द सगळीकडे काढून "आमटी" केला होता. "आमच्या घरात कोणी कोरड्यासाला आमटी म्हटले नाही, तर माझ्या पुस्तकात का म्हणावे?" असे मी त्यांना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. मी म्हटले, "मग पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ लिहून अर्थ सांगू. पण शब्द राहील." दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "तुमचे बरोबर आहे, शब्द राहू द्या." असे अकरा शब्द मी राखले.

संपादकाने लेखकाची भाषा पुसून टाकायची नसते, याला मोठे दाखले आहेत. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ज्ञानेश्वरीत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, ते त्यांनी नीट केले. ते स्वतः एवढे मोठे कवी, परंतु ज्ञानेश्वरीत कोणी आपली ओवी घालू नये असे त्यांनी बजावून ठेवले. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओठांवरची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, आणि त्या १९५१ साली वारल्यावर पुढच्या वर्षी सोपानदेवांनी पुस्तक काढले, त्याला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. ती गाणी कोणी पुणेरी मराठीत बदलून छापली असती, तर आज त्यांत काय उरले असते? आणि आपल्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचे "जिणं आमुचं" १९८६ साली पुस्तकरूपाने आले, ते त्यांच्या स्वतःच्या बोलीचे बळ घेऊनच. तेव्हा ओव्यांचे पुस्तक काढणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी मुद्दाम सांगते : तुझ्या ओवीतला एक शब्द कोणाला बदलू देऊ नकोस. मात्र ओवी कोणी सांगितली, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगाची, आणि अवघड शब्दाचा अर्थ काय, हे सगळे कोणाकडून तरी तपासून घे.

आता दोनतीन शंका नेहमी निघतात, त्यांचा विचार करू.

एक शंका अशी की, हल्ली मोबाइलवर, संगणकावर चुका दुरुस्त करणारी यंत्रे आहेत, मग माणसाला पैसे का द्यावे? यंत्र जरूर वापरावे. माझा मुलगा वापरतो, पुष्कळ चुका त्यात निघतात. पण "चोरून" हा शब्द मराठीत आहेच, तेव्हा यंत्र त्याला हरकत घेईलच असे नाही. आणि समजा घेतली, तरी माझ्या मिठाच्या डब्यातली वाटी त्याने पाहिलेली नाही, आणि माझ्याकडून ती वजन करवूनही त्याने घेतली नसती.

दुसरी शंका पैशांची. ती खरी आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींना बारा हजार ही रक्कम घरात मागता येत नाही. मी कोणाला पाटल्या मोडून संपादन करून घ्या असे सांगणार नाही. पैसे नसतील तर काही गोष्टी बिनपैशाच्या करता येतात. लिहून झाले की महिनाभर वही मिटून ठेवावी आणि मग परक्याची म्हणून वाचावी. दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावी. वाचणारा जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. ज्याला त्या विषयातले काही कळत नाही अशा माणसाला वाचायला द्यावे. मी आता नवी कृती लिहिली की शेजारच्या नव्या सुनेला देते, आणि तिने करून दाखवल्याशिवाय पक्की धरत नाही. गावात निवृत्त शिक्षक-शिक्षिका असतात, त्यांना मानाने बोलावून विचारावे. आणि थोडेच पैसे असतील तर चकचकीत मुखपृष्ठ, रंगीत फोटो, प्रकाशन समारंभाचा हॉल आणि हारतुरे यांवरचा खर्च कमी करून तो मुद्रितशोधनाला द्यावा. माझ्या पहिल्या प्रकाशन समारंभाला मी सहा हजार खर्च केले. मांडव आणि पेढे. ते पेढे दुसऱ्या दिवशी संपले, चुका पाच वर्षे राहिल्या.

तिसरी शंका फसवणुकीची. तीही खरी आहे. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या कवितांसाठी एका जागी पस्तीस हजार भरले. "संपादनासह सर्व काही" असे सांगितले होते. तिने दिलेली पाने जशीच्या तशी छापून आली, तिच्या स्वतःच्या चुकांसकट. तेव्हा पैसे देण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. आधी दहा पाने नमुन्याला द्यावीत, वाटल्यास त्या दहा पानांचे पैसे द्यावेत. ज्याच्याकडून ती पाने नुसती "सुंदर" म्हणून परत येतील, त्याला काम देऊ नये. तीन पायऱ्यांपैकी कोणते काम, किती पाने, किती वेळा वाचणार, किती तारखेला देणार, पैसे किती, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या कराव्यात. निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. सुचवलेला बदल स्वीकारायचा की नाही हा हक्क लेखिकेचा, हेही लिहावे. पुस्तकाचा कॉपीराइटही आपलाच असतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. तो दुसऱ्याच्या नावे लिहून देऊ नये. आणखी एक, पुस्तकावर जो आयएसबीएन क्रमांक असतो तो आपल्या देशात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागू लागले तर सावध व्हावे.

मग माझे उत्तर काय? मी दोन वाटा करते. ज्या पुस्तकाच्या पन्नास प्रती काढून नातवंडांना, भाचरांना द्यायच्या आहेत, त्याला पैशाच्या संपादनाची सक्ती नाही. घरची माणसे आपली वाटी ओळखतात. वडिलांचे चरित्र लिहिणाऱ्या भगिनीने तेवढ्यापुरतेच छापायचे असेल तर फक्त नावे, तारखा आणि नाती भावंडांकडून ताडून घ्यावीत. परंतु ज्या पुस्तकावर आपण किंमत छापतो आणि अनोळखी माणसाकडून पैसे घेतो, ते तपासून दिलेच पाहिजे. आपण पापड विकायला ठेवतो तेव्हा डाळ निवडून घेतो ना? खडा लागला तर गिऱ्हाईक परत येत नाही. विकत द्यायच्या वस्तूला निवडणे-पाखडणे लागतेच. त्याचा खर्च हा वस्तूच्या किमतीतलाच खर्च आहे, वरचा नव्हे. आणि ज्या पुस्तकात औषध, खाणे, पूजा-विधी, कायदा किंवा दुसऱ्याच्या घरची हकीकत आहे, ते तर जाणत्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापू नये. तेवढे पैसे नसतील तर पैसे जमेपर्यंत थांबावे. मला माझी घाई महाग पडली.

माझी दुसरी आवृत्ती २०२२ साली निघाली. एकशे चाळीस पानांची एकशे अठ्ठावीस झाली, म्हणजे सोळा पानी बरोबर आठ फॉर्म बसले आणि कागदातही थोडी बचत झाली. पहिल्याच पानावर छापले आहे : "या पुस्तकात एक वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम मीठ मावेल एवढी." शिवाय प्रत्येक मापापुढे वजन दिले आहे. मधाचे बोट काढून टाकले आहे, आणि ते का काढले हेही लिहिले आहे, म्हणजे जुनी प्रत जवळ असलेल्या बाईला कळावे. बारा हजार सहाशे रुपये अजून पुरते भरून आलेले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पंखाही जुनाच आहे.

पण त्या लोणच्याच्या बाईला मी दुसऱ्या आवृत्तीची पहिली प्रत स्वतः नेऊन दिली. तिने ती उघडली, वाटीची ओळ वाचली आणि आत जाऊन आपली आमटीची वाटी घेऊन आली. आम्ही दोघींनी मिठाने भरून ती तराजूवर ठेवली. नव्वद ग्रॅम भरले. "म्हणजे दोन वाट्या आणि थोडे वर," ती म्हणाली आणि पुस्तकात कृतीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले. यंदा तिने पंचवीस किलोचे लोणचे घातले आहे. एक बरणी मंडळासाठी पाठवली आहे. आजच्या जेवणात पानात वाढलेले लोणचे तिचेच आहे, जेवताना सगळ्यांनी चव सांगावी.

भगिनींनो, मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्याकडे भिशी आहे, भजन आहे, शिवणवर्ग आहे. तशी महिन्यातून एक दुपार लिहिणाऱ्या बायांसाठी ठेवावी. एकीने वाचावे, बाकीच्यांनी "छान" न म्हणता प्रश्न विचारावे. आणि जिचे पुस्तक विक्रीला जाणार आहे, तिला संपादनाच्या पैशांसाठी मंडळाच्या निधीतून बिनव्याजी उसने द्यावे. पुस्तके विकून तिने ते फेडावे. सर्वांना पटल्यास पुढच्या सभेत हा विषय घ्यावा.

हे भाषण स्मरणिकेत छापायचे आहे असे चिटणीसबाई म्हणाल्या. छापायला देण्याआधी ते शाळेतल्या बाईंना वाचायला देणार आहे. तरीही काही राहिले तर मला जरूर सांगावे, राग येणार नाही.